सॅम मिल्स : पाच फूट नऊ इंचांचा लाइनबॅकर

हिंगाष्टक
भाऊजी पुण्याहून आले होते म्हणून त्यांना आमच्या शार्लटचं (नॉर्थ कॅरोलायना) अपटाउन दाखवायला नेलं. (इथे डाउनटाउनला अपटाउन म्हणतात, का ते विचारू नका.) अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर ५१ नंबरच्या एका खेळाडूचा पुतळा आहे. भाऊजींनी विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "असेल कोणीतरी मोठा." ते म्हणाले, "म्हणजे तुला माहीत नाही."

नऊ वर्षं या गावात राहतोय. 'कीप पाउंडिंग' (ठोकत राहा, अशा अर्थाचे) हे दोन शब्द इथे गाड्यांवर, दुकानांच्या काचांवर, शाळकरी पोरांच्या दप्तरांवर असतात. ऑफिसच्या सहलीत फुकट मिळालेल्या माझ्या टोपीवरही आहेत. ते कोण बोललं, कधी बोललं, काही पत्ता नव्हता. भाऊजी परत गेल्यावर लाजेकाजेस्तव वाचायला बसलो आणि दोन आठवडे त्यातच अडकलो.

सॅम मिल्सचा जन्म ३ जून १९५९चा, न्यू जर्सीतल्या नेपच्यूनचा. वाढला समुद्रकाठच्या लाँग ब्रँचला. शाळेत फुटबॉल आणि कुस्ती. उंची पाच फूट नऊ इंच, आणि सगळं दुखणं इथूनच सुरू होतं. लाइनबॅकर सहा फुटांच्या वरचाच हवा, असं तिथे जवळपास ठरलेलंच होतं. मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही, म्हणून तो न्यू जर्सीतल्याच माँटक्लेअर स्टेट कॉलेजात गेला. हे तिसऱ्या विभागातलं कॉलेज, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. तिथे त्याने ५०१ टॅकल केले, म्हणजे इतक्यांदा चेंडूवाल्याला पकडून पाडलं. १९८१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, कोणी नाव घेतलं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सने सरावाला बोलावलं आणि हंगामाआधी घरी पाठवलं. मग कॅनडाच्या लीगमध्ये टोरंटो आर्गोनॉट्सकडे गेला. त्यांनीही घरी पाठवलं.

मग त्याने ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलमध्ये नोकरी धरली. विषय सुतारकाम आणि फोटोग्राफी, शिवाय शाळेच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक. गोष्ट इथे संपली असती तरी कोणाला काही वाटलं नसतं.

पुढचं लिहितोच, पण आधी सांगा, इथे कोणी हा खेळ बघतं का? की मी एकटाच?

गूळपोळी
बघते, नाइलाजाने. नवरा आणि दोन्ही मुलं बघतात. मी सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, फक्त ग्वाकामोली करते. लिहा, वाचतेय.

सातबारा
चार सेकंद धक्काबुक्की आणि चाळीस सेकंद चर्चा. याला खेळ म्हणायचं असेल तर आमच्या ग्रामसभेला का नाही?

कोपरारक्षक
सातबारा, ग्रामसभेत निदान नियम तरी असतात का?
हिंगाष्टक, लाइनबॅकर म्हणजे नक्की काय ते मला कबड्डीच्या भाषेत सांगा. नाहीतर टॅकल, स्नॅप, यार्ड या शब्दांत माझ्यासारखे गारद होतात.

हिंगाष्टक
प्रयत्न करतो. बचावाच्या तीन ओळी समजा. पहिल्या ओळीत दीडशे किलोच्या आसपासचे पहाड. त्यांचं काम समोरच्या पहाडांशी भिडणं. सगळ्यात मागे चपळ, पळणारे गडी, लांबच्या फेकीवर नजर ठेवणारे. या दोघांच्या मध्ये लाइनबॅकर. तुमच्या खेळातल्या कव्हरसारखा म्हणा ना. कोपऱ्याने घोटा धरला की त्याच क्षणी अंगावर जायचं, आणि कोपरा चुकला तर चढाईवाल्याची वाट अडवायची. दोन्हींतलं काय करायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं.

मिल्स आतल्या बाजूचा लाइनबॅकर. चेंडू सुरू झाला की त्याने चेंडूकडे बघायचंच नाही. समोरच्या गार्डकडे, म्हणजे त्यांच्या पुढच्या ओळीतल्या पहाडाकडे, बघायचं. गार्ड मागे सरकला तर फेक येणार. पुढे घुसला तर धाव येणार, आपल्या अंगावरूनच. आडवा निघाला तर धाव त्या बाजूला, त्याच्या मागोमाग निघा. तोवर समोरचा संघ फसवायला बघतोच. रोज रात्री जुन्या सामन्यांच्या फिल्म बघून ज्याला हे पाठ असतं, तो बाकीच्यांच्या आधी एक पाऊल उचलतो. त्या एका पावलात उंचीचे चार इंच वसूल होतात.

कोपरारक्षक
आलं लक्षात. आणि तो कुस्तीतला म्हणजे बुटकेपणा हेच भांडवल. उंच माणसाला पट काढायला वाकावं लागतं. बुटका आधीच तिथे असतो. आमच्या तालमीत वस्ताद म्हणायचे, ज्याची कंबर खाली त्याची कुस्ती वर.

हिंगाष्टक
अगदी हेच. प्रशिक्षकांना ते कळलं, पट्टी घेऊन बसणाऱ्यांना कळलं नाही.

१९८३मध्ये यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली. ब्राउन्सचे प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो यांनीच मिल्सला काढलं होतं. त्यांना ते खात असावं, कारण त्यांनीच या लीगमधला फिलाडेल्फिया स्टार्स संघ चालवणाऱ्या कार्ल पीटरसनकडे त्याचं नाव सुचवलं. स्टार्सचे प्रशिक्षक होते जिम मोरा (आपले मोरे नव्हेत). संघात मिल्सचं नाव पडलं 'फील्ड माउस', म्हणजे शेतातला उंदीर. तीन हंगामांत स्टार्स तीनदा अंतिम सामन्यात गेले. १९८३ला मिशिगन पँथर्सकडून २४-२२ हरले. १९८४ आणि १९८५ला जिंकले. पुढे मोरा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य लीगमध्ये, न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक झाले, आणि १९८६ला या उंदराला सोबत घेऊन गेले. सुतारकामाचा हा मास्तर एनएफएलमध्ये पहिला सामना खेळला तेव्हा २७ वर्षांचा होता. बरेच लाइनबॅकर त्या वयापर्यंत कित्येक हंगाम खेळून झालेले असतात.

उत्तररात्र
यूएसएफएलचा किस्सा इथे सांगितलाच पाहिजे, अवांतराचा दोष पत्करून. ही लीग वसंतात खेळायची, एनएफएलच्या वाट्याला जायचं नाही म्हणून. न्यू जर्सी जनरल्स संघाचे मालक डॉनल्ड ट्रम्प. हो, तेच. वसंत सोडून थेट शरदात, एनएफएलच्या समोर उतरू या, असा त्यांचा आग्रह होता. लीगने १९८६च्या शरदाचा बेत आखला आणि एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. ज्यूरी म्हणाली, होय, एनएफएलने मक्तेदारी केली, दावा बरोबर आहे. भरपाई किती? एक डॉलर. अशा खटल्यांत कायद्याने भरपाई तिप्पट होते, म्हणून तीन डॉलर. शरदाचा तो हंगाम कधी झालाच नाही.

पण त्या तीन वर्षांत हर्शेल वॉकर, जिम केली, स्टीव्ह यंग, रेगी व्हाइट असे गडी त्या लीगमध्ये खेळले. मिल्सच्या बाबतीत तर सरळ आहे. ती बुडीत लीग निघाली नसती तर तो ईस्ट ऑरेंजमध्ये रंधा मारत निवृत्त झाला असता.

गार्डन_स्टेट
आत्ता पाहिला हा धागा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो, पार्कवे या हमरस्त्यावर रोजचं येणंजाणं. लाँग ब्रँचला समुद्रावर जायचं तर एक्झिट १०५, ईस्ट ऑरेंज एक्झिट १४५. म्हणजे या माणसाचं बालपण आणि त्याची मास्तरकी यांत चाळीस मैल.
आणि कबुली : माझं एमएस माँटक्लेअर स्टेटचं. दोन वर्षं तिथे काढली. ग्रंथालय, लॅब आणि स्टेशन यापलीकडे फिरकलो नाही. तुमच्या भाऊजींनी मला विचारलं असतं तर मीही "असेल कोणीतरी" म्हटलं असतं.

हिंगाष्टक
चला, मी एकटा नाही.

न्यू ऑर्लिन्सचा काळ थोडक्यात उरकतो, खरं तर तिथे तो नऊ हंगाम होता. सेंट्स हा १९६७पासूनचा संघ. १९८६पर्यंत त्यांनी एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नव्हते. १९८०मध्ये प्रेक्षक डोक्यावर कागदी पिशव्या घालून यायचे, कोणी ओळखू नये म्हणून. १९८७ला या संघाने १५पैकी १२ सामने जिंकले. चार लाइनबॅकर : बाहेरून रिकी जॅक्सन आणि पॅट स्विलिंग, आतून व्हॉन जॉन्सन आणि मिल्स. नाव पडलं 'डोम पट्रोल'. १९९२च्या हंगामात चौघेही एकदम प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडले गेले. एका संघाचे चार लाइनबॅकर एकाच वर्षी, हे त्याआधी कधी झालं नव्हतं.

आणि तरीही मोरांच्या सेंट्सनी बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. चारदा पोचले, चारदा हरले. हे मला फार गंमतीशीर वाटतं. जगातला सगळ्यात भक्कम दरवाजा, आणि घरात चूल पेटत नाही.

सातबारा
आता खरं सांगतो, वाचतोय मी. पण एक प्रश्न गंभीरपणे. डोक्यावर डोकं आपटण्याच्या या धंद्यात माणसं म्हातारपणी काय होतात तेही लिहा. ज्युनियर सिआउ, तोही लाइनबॅकर. वीस हंगाम खेळला, २०१२मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःला संपवलं. नंतर मेंदू तपासला तर सीटीई निघाला, वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. पुतळे उभारताना हा हिशेब कुठे लिहितात?

गूळपोळी
+१. धाकट्याला टॅकल फुटबॉलला घालायचं नाही या एकाच मुद्द्यावर आमच्याकडे महिनाभर अबोला होता. शेवटी फ्लॅग फुटबॉलवर तोडगा निघाला. कमरेला लावलेली फीत ओढायची, अंगावर जायचं नाही.

हिंगाष्टक
सातबारा, हा हिशेब कुठेच लिहीत नाहीत, आणि तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. याच शार्लटच्या संघात ल्यूक कीक्ली नावाचा लाइनबॅकर होता, मिल्सच्याच घडणीचा, समोरच्याचा डाव आधी ओळखणारा. डोक्याला मार बसत गेले आणि २०२०च्या जानेवारीत, ऐन भरात, २८व्या वर्षी तो थांबला. मिल्स ज्या वयात एनएफएलमध्ये जेमतेम रुळत होता, त्या वयात. मला कीक्लीचं थांबणंही तितकंच मोठं वाटतं. मिल्सची गोष्ट सांगताना ते लपवायचं कारण नाही.

आता शार्लट. १९९५ला कॅरोलायना पँथर्स हा कोरा करकरीत संघ निघाला. मिल्स ३६ वर्षांचा होता, तो इकडे आला. संरक्षणाचं गणित आखायला व्हिक फँजिओ होते, स्टार्सपासूनचे ओळखीचे. शार्लटचं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून घरचे सामने साउथ कॅरोलायनात क्लेमसनच्या मैदानावर. पहिले पाच सामने हरले. सहावा १५ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जेट्सशी. जेट्सच्या बबी ब्रिस्टरने शॉव्हल पास टाकला, म्हणजे फावड्याने माती लोटावी तसा जवळच्या जवळ लोटलेला चेंडू. गर्दीत, पहाडांच्या मधोमध. तिथे मिल्स उभा. चेंडू हातात आणि समोर मोकळं मैदान. वय ३६, पळाला ३६ यार्ड, थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन. पँथर्स २६-१५ने जिंकले. या संघाच्या इतिहासातला पहिला विजय.

दुसऱ्याच वर्षी हा नवखा संघ १२ सामने जिंकून बाद फेरीत गेला आणि गतविजेत्या डॅलस काउबॉइजना २६-१७ने घरी बसवलं. पुढच्या सामन्यात ग्रीन बेकडून हरले. मिल्स ३७व्या वर्षी पाचव्यांदा प्रो बोलला निवडला गेला. १९९७नंतर थांबला. पहिल्या तीन हंगामांतल्या प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून मैदानात असलेला तो पँथर्सचा एकमेव खेळाडू. १९९८ला पुतळा उभा राहिला, त्याच्या हयातीत. त्याचा ५१ नंबर पुन्हा कोणाला दिला नाही, आणि निवृत्त केलेला तो पँथर्सचा एकमेव नंबर आहे. त्याच स्टेडियमबाहेर मूळ मालकाचाही पुतळा होता. तो २०२०मध्ये हलवला. सुतारकामाच्या मास्तराचा आहे तिथेच आहे.

उत्तररात्र
वा! शेवटची ओळ आवडली.

टंकनिका
ते 'कीप पाउंडिंग' कुठे आलं? कधीची वाट बघतेय.

हिंगाष्टक
येतोय. निवृत्तीनंतर तो पँथर्समध्येच लाइनबॅकरांचा प्रशिक्षक झाला. ऑगस्ट २००३मध्ये आतड्याचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी महिन्यांत बोलावं अशी स्थिती. त्याच सुमारास त्याचाच एक खेळाडू मार्क फील्ड्स याला हॉजकिन्स लिम्फोमा झाल्याचं कळलं. म्हणजे एकाच खोलीत मास्तर आणि विद्यार्थी, दोघेही केमोवर. फील्ड्स तो हंगाम बाहेर बसला. मिल्स केमो घेत घेत कामावर येत राहिला.

हाच संघ दोन वर्षांपूर्वी १६पैकी १५ सामने हरला होता. आता बाद फेरीत होता, समोर पुन्हा काउबॉइज, ३ जानेवारी २००४. त्या सामन्याआधी मिल्स खेळाडूंपुढे बोलला. सार एवढंच : आजार कळला तेव्हा माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, सोडून द्यायचं किंवा कीप पाउंडिंग. मी लढणारा आहे, तुम्हीही आहात. कीप पाउंडिंग.

पँथर्स २९-१०ने जिंकले. मग सेंट लुईसला दुहेरी जादा वेळेत, मग फिलाडेल्फियाला. थेट सुपर बोलला. तिथे न्यू इंग्लंडकडून ३२-२९ने हरले, चार सेकंद शिल्लक असताना मारलेल्या किकवर.

१८ एप्रिल २००५ला मिल्स गेला. वय ४५.

टंकनिका
हं.

मावळतीकडे
या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय. बाबांची केमो झाली, दीड वर्ष. ते गेले. त्या काळात नातेवाईक, शेजारी, वॉर्डबॉयसुद्धा "लढा, हरू नका" म्हणायचे. त्याचा मला आजही राग आहे. बाबा हरले म्हणजे काय? त्यांनी कमी हात चालवले? मिल्सबद्दल आदर आहे, पण हे दोन शब्द टोपीवर छापून विकले जातात ते मला झेपत नाही.

हिंगाष्टक
मावळतीकडे, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. टोपी माझ्याचकडे आहे, त्यामुळे बोलायचा अधिकारही कमीच.
एकच सांगतो. मी तो प्रसंग जितका वाचला त्यात "मग तुम्ही जिंकाल" असं कुठे नाही. आणि बोलणाऱ्याला कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं की हात चालवत राहिलं म्हणून निकाल लागतोच असं नाही. ब्राउन्स, टोरंटो, सेंट्सच्या चार बाद फेऱ्या. आजाराबद्दल तो फक्त स्वतःचं सांगत होता, आजाऱ्यांना सल्ला बाहेरच्यांनी नंतर केला.

मावळतीकडे
असं असेल तर ठीक. तो स्वतःबद्दल बोलला, हा फरक मोठा आहे.

कोपरारक्षक
फील्ड्सचं काय झालं?

हिंगाष्टक
२००४ला परतला आणि त्याच हंगामात प्रो बोलला निवडला गेला.

टंकनिका
वातावरण जरा हलकं करू का? 'कीप पाउंडिंग'ला मराठी सुचवा. 'घाव घालत राहा' पुस्तकी वाटतं.

गार्डन_स्टेट
'टाकीचे घाव सोसल्याशिवाय'वालं काहीतरी?

टंकनिका
नाही ना. त्यात घाव सोसणारा दगड असतो. इथे हातोडी याच्याकडे आहे.

सातबारा
'लावून धर'. विषय संपला.

गूळपोळी
'लावून धर' छान आहे, पण त्यात आवाज नाही. पाउंडिंगमध्ये धप्प धप्प आहे. आमची आजी सांगायची, उखळात भात कांडायला दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. हिचं मुसळ वर तेव्हा तिचं खाली. एकीने दम खायला हात थांबवला तर दुसरीचा ताल चुकायचा, मुसळावर मुसळ. म्हणून दमलेलीला सासू म्हणायची, "कांड गं, कांड." मला तेच आठवलं. एकटीचं कामच नव्हतं ते.

टंकनिका
'कांड गं' टोपीवर छापा. पहिली ऑर्डर माझी.

उत्तररात्र
आजच्या तरुण मंडळींत 'कांड' म्हणजे वेगळंच. विक्री जोरात होईल.

हिंगाष्टक
😀 आवाजावरून आठवलं. २०१२पासून इथे घरच्या प्रत्येक सामन्याआधी एक सहा फुटी ढोल वाजवतात, नाव 'कीप पाउंडिंग ड्रम'. मानाचा पाहुणा बोलावून चार टोले, खेळाच्या चार सत्रांचे चार. बास्केटबॉलचा स्टीफन करी शार्लटमध्येच वाढला, त्याने सुपर बोल ५०च्या वेळी वाजवला होता. (तोही सामना पँथर्स हरले.) ढोल-ताशा पथकातले आमचे मित्र हे ऐकून म्हणाले, चार टोल्यांत हात तरी गरम होतो का.

गार्डन_स्टेट
हॉल ऑफ फेमला, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतला का त्याला?

हिंगाष्टक
घेतला, अगदी शेवटच्या गाडीला. निवडीला पात्र राहण्याची त्याची वीस वर्षं संपत आली होती. २०२२ हे नेहमीच्या यादीतलं शेवटचं वर्ष, त्यात निवड झाली. ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटनला सोहळा झाला, त्याच्या वतीने पत्नी मेलनी बोलल्या. जिम मोरा सांगत आले होते की आपण शिकवलेल्यांत हा सगळ्यात उत्तम खेळाडू. तरी निवड समितीला वीस वर्षं लागली. उंची पुन्हा मोजत असतील.

सातबारा
मी अजूनही म्हणतो, चार सेकंद खेळ आणि चाळीस सेकंद चर्चा. पण १९९५चा तो जेट्सचा सामना कुठे बघायला मिळाला तर दुवा टाका.

कोपरारक्षक
मलाही. फक्त तो ३६ यार्डांचा तुकडा चालेल.

हिंगाष्टक
दोघांनाही निरोप टाकतो.
जाता जाता : भाऊजींना हा सगळा धागा पाठवला होता. आज त्यांचा निरोप आला. "वाचला. माझी उंची पाच आठ आहे. एक इंचाने संधी हुकली."